पांढरी फुली

सरावाच्या खोलीत लाकडी जमिनीवर प्रत्येकीची जागा दाखवायला चिकटपट्टीच्या फुल्या लावल्या होत्या. बाकीच्या फुल्या पायांनी घासून करड्या पडल्या होत्या. मधली एकच अजून पांढरी होती.

वृंदाताईंनी हा बॅले बसवला तेव्हा त्या फुलीवर त्यांची लेक ऋजुता उभी राहायची. नाचाला गोष्ट नव्हती. होतं फक्त संगीत आणि त्यावर उलगडत जाणाऱ्या रांगा. ऋजुता अपघातात गेली. पुढच्या प्रयोगात मैत्रिणींनी आपणहून तिच्या जागेला वळसा घातला. ती जागा भरायचं ताई दर वेळी पुढे ढकलत राहिल्या. जुन्या मुली गेल्या, नव्या आल्या आणि तो वळसाच नाच होऊन बसला. लोक नेमकी त्यालाच दाद देऊ लागले.

आज नवी आलेली शर्वाणी तिथे थबकली.

"ताई, इथे तर कुणीच नाही. मग आपण वळसा कुणाला घालतो?"

"अगं, स्टेप आहे ती," मागची हसली. "आता काय जमिनीला कारण विचारणार?"

ताई हसायला गेल्या, पण हसू आलं नाही. ऋजुताला पाहिलेलं त्यांच्याशिवाय त्या खोलीत कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी संगीत बंद केलं आणि वाकून फुलीवरची धूळ तळव्याने पुसली.

"ही माझ्या लेकीची जागा," त्या शर्वाणीला म्हणाल्या. "ती काही आता यायची नाही. तू उभी राहा."