हरलेली पैज

बायको सुनेत्रा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा गुलाबराव चुनाभट्टीत चुनखडीचे दगड रचत होते. त्याच चुनखडीचा कण सुनेत्रा प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांमध्ये दाबून तापवायची.

"भट्टीत यातला कार्बन वायू होऊन उडतो, तसा तिथंही उडेल," ते तिला चिडवत.

"पृथ्वीच्या पोटात दाब असतो हो! तिथं दगड त्याला सोडत नाही. लावा पैज. हरलात तर खाणीच्या तळचा दगड स्वतः फोडून आणायचा."

तेराव्याला तिची विद्यार्थिनी आली. "काका, मॅडमचा प्रयोग आम्ही पुरा केला. कार्बन सुटला नाही. त्या जिंकल्या."

त्या फोननंतर गुलाबराव पहिल्यांदाच हसले. हात जोडून म्हणाले, "पोरी, उपकार झाले."

तळचा दगड मात्र त्यांनी अजून फोडलेला नाही; तो फोडला की तिच्याशी लावलेली पैज संपेल.