तिघांचा पेला

"दुपारी मटण खाल्लंस, आता रात्रीपर्यंत दूध नाही," म्हणत आईने नारळ फोडला. आम्हा बेने इस्राएल ज्यूंत मटणावर दूध चालत नाही. माझ्या पोटात मात्र जुळं होतं आणि डॉक्टर सतत 'खा' म्हणत.

गूळ घातलेला नारळाच्या दुधाचा पेला तिने पुढे केला. "तिघांचं पी."

"पुरे गं, किती पाजशील!" मी अर्धा परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

शोकाचे सात दिवस संपले, पाहुणे गेले. आज मावशीने पाठवलेलं मटण जेवले. चारलाच भूक लागली. फ्रीजमधल्या दुधाकडे गेलेला हात मागे घेतला. नारळ फोडला, वाटला, पिळला. उभ्याउभ्याच पेला रिकामा केला.

मग तो ओट्याकडे धरून म्हणाले, "आई, अजून दे."