पानांवरचा चिकटा

पानांवर पुन्हा तेच थेंब होते. दाट, मधासारखे चमकणारे. आल्केनं बोट लावलं, ते चिकटलं. जिभेला टेकवलं. गोड.

तिच्या कपाळाला आठी पडली.

परसातल्या काचेच्या खोलीत गांजाची पाच झाडं खांद्याएवढी वाढली होती. इकडे पाच झाडांपर्यंत सूट असते, गावचा पोलीसही मान वळवून निघून जातो. त्यातून ही झाडं कुणासाठी आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिच्या नवऱ्याचे, वोबेचे, हात थरथरायचे. रात्री या फुलांचा काढा पोटात गेला की हात निवायचे आणि म्हातारा झोपायचा. मग आल्केलाही झोप लागायची. फुलं आता कापणीला आली होती. हिवाळ्याची सगळी बेगमी तीच.

आणि वोबे रोज सकाळी तिथंच, झाडांमध्ये खुर्ची टाकून, भरपूर साखर घातलेली कॉफी प्यायचा.

मागच्या आठवड्यात थेंब पहिल्यांदा दिसले तेव्हा ती कडाडली होती, "झाडांना कॉफी पाजतोस की काय? बुरशी धरली की बस मग रात्रभर थरथरत!"

"मी नाही सांडली," वोबे म्हणाला होता.

"मग देवदूत येऊन सांडून गेले?"

त्याच दिवशी तिनं त्याची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवली. आणि आज हे ताजे थेंब. म्हणजे स्वारी चोरून येते तर!

ती तरातरा आत गेली. वोबे खिडकीशी बसून कालव्याकडे बघत होता.

"झाडांत गेला होतास?"

"नाही गं."

"खोटं बोलू नकोस. थेंब ओले आहेत अजून."

वोबे मांडीवरच्या आपल्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला, जणू ते त्याला न सांगता कुठं जाऊन आले असतील.

"तू म्हणतेस तर गेलो असेन," तो म्हणाला.

आल्के ओलं फडकं घेऊन परत आली. पहिलं पान पुसलं, दुसरं पुसलं, तोच तिच्या मनगटावर टपकन काहीतरी पडलं. तिनं वर पाहिलं. वरच्या पानाची पाठ हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. त्यातला एक ठिपका चालायला लागला.

मावा. झाडाचा रस पिऊन गोड चिकटा गाळणारी कीड. देठावरून मुंग्यांची रांगही लागली होती. ती याआधी दिसली नसेल असं नव्हतं. जन्मभर बाग केलेल्या बाईनं एक पान उलटून पाहिलं नाही. नवऱ्याकडे मात्र लगेच बोट दाखवलं.

तिचे डोळे मुंग्यांच्या मागोमाग गेले. रांग झाडावरून उतरून कोपऱ्यातल्या फुशियाच्या फुलझाडाच्या कुंडीत शिरत होती. तिच्या लाडक्या फुशियाच्या. थंडीनं मरेल म्हणून तिनंच ती बाहेरून आत आणून ठेवली होती. तिनं एक फांदी वाकवली. फांदीवर माव्याची साय धरली होती.

कुंडी उचलून तिनं बाहेर गारठ्यात नेऊन ठेवली. मनात येऊन गेलं, मावा पुसून टाकला तर कुणाला कळणार आहे? वोबे तर कबूलही झालाय.

ती आत आली तेव्हा वोबे खालच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होता. हाती लागलं तसा हसतच उठला. नातीचा झाकणाचा कप होता, चोचीचा.

"हा बघ. यातून सांडत नाही." त्यानं तो नळाखाली भरला, उलटा केला, हलवूनही दाखवला. हलवायला त्याला कष्ट पडत नव्हते. "आता येऊ दे मला तिकडं."

आल्केनं नळ बंद केला.

"वोबे, तू सांडलीच नव्हतीस. मावा पडलाय. माझ्या फुशियातनं आला. पानांच्या मागं होता, मी बघितलंच नाही."

त्यानं कप ओट्यावर ठेवला.

"म्हणजे मी गेलो नव्हतो?"

"नव्हतास."

"मी नाही म्हणालो, ते खरं होतं?"

"खरं होतं रे."

वोबे खुर्चीत टेकला. "मला वाटलं, हात तर गेलेच, आता डोकंही चाललं." आणि तो हसायला लागला, खांदे गदगदेपर्यंत. "अगं, शाबूत आहे! आणि फुलं?"

"वरची गेली. खालची काही वाचतील."

"वाचतील तेवढी आपली."

त्यानं चोचीचा कप कपाटात परत ठेवला. वरच्या फळीवरचा चिनी मातीचा, पाहुण्यांसाठीचा कप काढला आणि स्वतःच किटली उचलली. अर्धी कॉफी कपात पडली. उरलेली टेबलावर पसरत कडेपर्यंत गेली आणि फरशीवर ठिबकू लागली.

आल्केच्या हातात फडकं होतं. ते तसंच मुठीत धरून ती उभी राहिली.