उरलेली हवा

श्वास तपासायच्या खोलीत शिंपीकाका स्टुलावर बसले. तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या नाकाला चिमटा लावला आणि नेहमीचं बजावलं, "मी सांगेपर्यंत श्वास आत घ्यायचा नाही."

"आणि सगळीच हवा निघून गेली तर?" काकांनी हसत विचारलं.

"सगळी कधीच निघत नाही, काका. कितीही फुंका, लिटरभर तरी आत उरतेच. ती जन्माची सोबतीण." बाईंनी त्यांच्या तोंडात नळी दिली.

काका फुंकू लागले. "अजून, अजून," बाई सवयीने म्हणत राहिल्या. पडद्यावरची रेघ चार लिटरवर गेली, मग सहावर, मग नवावर. एवढी हवा पैलवानाच्या छातीतही मावत नाही. मशीनच बिघडलं असणार, असं म्हणत बाईंनी काकांच्या तोंडातली नळी काढली, नवी बसवली आणि पाठमोऱ्या होऊन स्वतः फुंकून पाहिलं. रेघ तीनवर थांबली, रोजच्यासारखी.

मशीन ठणठणीत होतं.

बाईंच्या मानेवर गार फुंकर येत होती, एकसारखी, न थांबता. पंखा बंद होता. वळून बघायचा धीर होईना.

मग फुंकर थांबली.

"बाई," मागून काकांचा आवाज आला, "ती उरलेलीही गेली. आता आत ओढू का?"