सव्वा मूठ

"हाऊ कोन?"

भिकुबाईंनी लेकाचं दाराआडचं चित्र ओढून उजेडात आणलं, आणि लीलाधर हातातलं काम टाकून धावला.

दोन वर्षं खपून काढलेलं चित्र. कुठल्याशा मासिकात क्युबातल्या एका चित्रकाराचं काम पाहिलं आणि हा धुळ्याचा ड्रॉइंगमास्तर पार झपाटून गेला. उद्याच्या गाडीनं ते मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं. मायला विचारायची छाती झाली नाही, म्हणून लपवलेलं. माय नको म्हणाली असती तर ते घराबाहेर गेलंच नसतं. असला मायवेडा!

आणि मुहूर्त तरी बघा. एकोणनव्वदचा श्रावण, उद्या खानदेशची देवी कानबाई घरात बसायची. भिकुबाई सुपातून तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढत होत्या, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. भाऊबंद सोडून दुसऱ्याला त्या रोटाचा कणही मिळायचा नाही. जावई रुपचंद त्याच गल्लीत राहायचा. दरवर्षी नुसता वास घेऊन घरी जायचा बिचारा.

चित्रात एका उंबऱ्यावर दोन नारळ होते. एक नथ-कुंकवाची कानबाई. शेजारी दुसरा, काळाभोर, डोळ्यांच्या जागी कवड्या.

"कानबाईनाजोडे परका बसाडा तू?" भिकुबाई कडाडल्या.

लीलाधर चाचरला. "क्युबाना देव शे, माय. दारमांगे बसस, वाट राखस. त्याना लोकेस्ले आफ्रिकातीन जहाजमा बांधी लई गयात, ऊस तोडाले. संगे काहीच लेवू दिधं नही. मंग तठेच त्यास्नी नारयमा देव मांडा."

भिकुबाईंना आपलं गाव आठवलं. सोनगीर सोडलं तेव्हा त्यांनीही कानबाईचा नारळ ओटीत घालून आणला होता. भांडीकुंडी मागून आली.

"त्यानासंगे कोनीच नही उनं का? घरनं, भाऊबंद?"

"नही, माय."

त्यांचे डोळे भरून आले. पदरानं त्यांनी कवड्यांवरची धूळ पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी. मग चित्र देव्हाऱ्याशेजारी टेकवून पुन्हा सुपाशी येऊन बसल्या.

लीलाधरनं कसंबसं विचारलं, "मंग... मुंबईले धाडू का?"

"धाडजो. पहिले त्यानं नाव सांग." भिकुबाईंनी गव्हात हात घातला. "त्याना नावनी मूठ राही गई."