शनिवारची तारीख

शलाका दवाखान्याचा जिना धावतच चढली. नाशिकहून येताना घाटात तिला अचानक आठवलं होतं. लाडक्याला जेवण सुरू करायचं राहूनच गेलं होतं!

सूर्यमाळ गावचा लाडक्या महिनाभराच्या तापानं हाडांचा सापळा झाला होता. शनिवारी त्याच्या पोटाची सोनोग्राफी होती. जव्हारच्या या दवाखान्यात शलाका आहारतज्ज्ञ. तिनंच त्याच्या बायकोला, नवशीला, दटावलं होतं, “मी सांगेपर्यंत याच्या तोंडात काही घालायचं नाही.” खाटेला लावलेल्या आहाराच्या तक्त्यावरही तसंच लिहिलं. तपासणी दहालाच आटोपली. पण बहिणीच्या साखरपुड्याला जायची बस चुकेल म्हणून ती तक्ता न बदलता पळाली. एरवी ‘अन्न हेच निम्मं औषध’ असं वॉर्डभर सांगत फिरणारी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. काल तिनं मसालेभात दोनदा मागून घेतला होता. आता त्याची आठवणही नकोशी झाली.

आज सोमवार. नुसत्या सलाईनवर तो किती तग धरणार?

लाडक्या उशीला टेकून बसला होता. डोळ्यांत जरा तेज होतं. शलाकाचा जीव भांड्यात पडला. खाटेच्या पायथ्याशी तिच्याच अक्षरातला तक्ता तसाच लटकत होता. आता सगळं कबूल करून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात नवशीनं तिचे पाय धरले.

“मॅडम, चूक झाली माझी! एक दीस पाळलं तुमचं सांगणं. जेवणाची गाडी आली ती परत धाडली. पण काल त्याची मान लटकाय लागली. नाय बघवलं. मागं चूल मांडली न् नागलीची पेज पाजली, चोरून. आज बी पाजली. त्याला काय व्हायचं नाय ना?”

त्या पेजेनंच तो वाचला होता. ते सांगायला शलाकानं तोंड उघडलं, पण नवशीला नुसतं हात धरून उठवलं.

“काही होणार नाही,” एवढंच ती म्हणाली. मग तक्ता काढून तिनं लिहिलं, ‘पातळ पेज सुरू करावी.’ खाली तारीख घातली शनिवारची.

नवशीनं डोळे पुसले, हात जोडले.

“देव तुमचं भलं करो, मॅडम. दुसरं कोण असतं तर हाकललं असतं. तुम्ही माझी चूक पोटात घातली.”