पोरीची देखभाल

मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं उभी होती. मुलांच्या वॉर्डाची खिडकी उघडी होती, पण ज्ञानू पुढं व्हायला धजत नव्हता.

"तू बघ आदी," तो बायकोला म्हणाला.

बनाबाईनं पदर सावरला, गजांपाशी तोंड नेलं आणि लगेच मागं सरली. "हाय," एवढंच म्हणाली.

पहाटेच्या गाडीनं दोघं लोणंदहून निघाली होती. ज्ञानू रेल्वेत गँगमन. साहेबाच्या मागं लागून त्यानं पास काढला होता. जाताना दोघांचा, येताना तिघांचा. अंजनाला इथं ठेवून आठ महिने झाले होते.

ठेवायला तो मुळात तयारच नव्हता. भावकीतले म्हणाले होते, "परक्याच्या हातात पोर देऊन आलास. आपल्या माणसाला तितं कोण इचारतंय?" धर्म बदलून दहा वर्षं झाली, तरी गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी वेगळीच होती. मिरजेत निराळं काय असणार?

अंजनाची पत्रं यायची. 'मी बरी आहे, काळजी करू नका.' मास्तर वाचून दाखवायचे आणि ज्ञानूची काळजी वाढायची. बरं असलेलं माणूस दर पत्रात असं कशाला लिहील? शेवटी तो बायकोला म्हणाला, "जाऊन बघू. हाल दिसलं, तर त्याच पावली घरी आणायची."

आता त्यानं आत पाहिलं.

चार नंबरच्या खाटेवर सात-आठ वर्षांची मुलगी उशीला टेकून बसली होती. मांडीपर्यंत प्लास्टर. कडेला बसून एक नर्स तिला मऊ भात भरवत होती. मुलगी तोंड फिरवायची, नर्स हळूच काहीतरी सांगायची, मग दोघी हसायच्या.

"वाळलीया गं," ज्ञानू पुटपुटला.

"वाळंल न्हाई तर काय! पर हसतीया बघा."

"व्हय. घरी कवा एवढी हसली न्हाई."

बादली घेऊन आया आली. दगडाबाई तिचं नाव. "भेटायची येळ चारला हाय, बाबा."

"भेटायचं न्हाई," बनाबाई घाईनं म्हणाली. "आमाला बघितलं की घरी चला म्हनंल. लांबनंच डोळं भरून बघतो."

अशी आईबापं दगडाबाईला नवी नव्हती. "बघा की," ती म्हणाली.

ज्ञानू जरा वेळ घुटमळला. "बाई, हितं पानी... समद्यास्नी एकाच माठातलं?"

दगडाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तिला कळलं. "एकाच. जेवान बी एकाच चुलीवरचं. डाक्टरीणबाई लय कडक हाईत."

"कुनी वंगाळ बोलत न्हाई न्हवं?"

"आवं, लेकीवानी ठिवत्यात."

ज्ञानूनं डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीनंच तोंड पुसलं.

आत भात संपला होता. नर्सनं ओल्या फडक्यानं मुलीचे ओठ टिपले. मुलीनं दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले आणि सोडीचना. बनाबाई पदरात तोंड घालून हुंदका गिळत होती.

"मग, न्यायची का?" तिनं विचारलं.

ज्ञानूनं पुन्हा एकदा खिडकीतून आत पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. आपून दोघंच जाऊ."

बनाबाईनं फडक्यात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू दगडाबाईच्या हाती दिले. "आमी गेल्याव द्या. न भेटता गेलो म्हनून रागावू नगं म्हनावं. आईबापाचा जीव निवला म्हनावं."

"देते की. चार नंबरलाच न्हवं?" दगडाबाईनं गाठोडं घेतलं आणि एकदम थबकली. "पर ती तर तासगावच्या पाटलांची नात. तिची आजी आत्ताच उठून भाईर गेली. तुमची पोरगी कंच्या खाटेवर हाय?"

"खाटेवर न्हाई, बाई," ज्ञानू म्हणाला. "पाटलाच्या नातीला जिनं भात भरवला न्हवं, ती आमची."